इंग्रजींतील नकारार्थी प्रश्न आणि त्याचें उत्तर



“पुस्तक आणलें नाहींस?” असें शिक्षकानें मराठींत विचारिलें, तर “हो गुरुजी, नाहीं आणलें,” असें मुलगा सरळ सांगतो व तें कोणासहि खटकत नाहीं. तोच प्रश्न इंग्रजीच्या तासाला झाला आणि मुलगा ‘येस सर’ म्हणाला, कीं अर्थ उलटतो. इंग्रजी रिवाजाप्रमाणें त्यानें पुस्तक आणल्याचें सांगितलें! वर्गांत यावर फार तर हंशा पिकेल, पण साक्षीच्या पिंजऱ्यांतील माणसाला “तुम्ही तेथें नव्हतां ना?” या प्रश्नावरचा असा ‘येस’ महाग पडूं शकतो.

मुलाची अक्कल काढण्यापूर्वीं इंग्रजीचा पूर्वेतिहास पाहावा. आज दोन शब्दांवर भागविणाऱ्या या भाषेजवळ एके काळीं चार होते. प्रश्न सरळ असला तर उत्तर ‘ये’ किंवा ‘ने’. प्रश्नांतच ‘नॉट’ असला तर ‘येस’ किंवा ‘नो’. म्हणजे ‘येस’ हा मूळचा साधा होकार नव्हे. समोरच्याचा नकार खोडून काढणारा तो शब्द. “आणलें नाहींस?” यावर आपण “आणलें कीं!” म्हणतों, त्यांतील ठसक्याचा ‘कीं’ जें काम करतो तेंच त्याचें काम. फ्रेंचांचा ‘सी’ व जर्मनांचा ‘डोख’ हे शब्द तें काम अद्याप करीत आहेत.

या भेदावरून सोळाव्या शतकांत एक गाजलेली चकमक झडली. विल्यम टिंडल यानें मूळ ग्रीकवरून केलेला नव्या कराराचा इंग्रजी तर्जुमा १५२६ सालीं जर्मनींतील वर्म्स येथें छापला गेला. सर टॉमस मोर हा त्याचा कट्टा विरोधक. योहानाच्या शुभवर्तमानांत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला, तूं तो संदेष्टा आहेस काय, असें विचारतात. प्रश्न सरळ, तरी टिंडलनें उत्तरांत ‘ने’ ऐवजीं ‘नो’ घातला. १५३२ सालीं मोरनें यावर बोट ठेविलें. बाब क्षुल्लक आहे असें स्वतःच म्हणून त्यानें पुढें विचारिलें, कीं ज्याला हे दोन साधे शब्द कोठें योजावे तें कळत नाहीं, तो पवित्र ग्रंथाचें भाषांतर काय करणार? उदाहरणहि बोचरें घेतलें : पाखंडी माणूस असल्या भाषांतराला लायक आहे काय? मोरसारख्या पंडितानें एवढ्यावर पानें खर्चावीं याचें मला नवल वाटतें. पण दोघांच्या लेखीं तो धर्माचा व प्राणांचा प्रश्न होता. राजाला धर्मप्रमुख मानण्यास नकार दिल्यामुळें मोरचा १५३५ सालीं शिरच्छेद झाला. टिंडलला पुढच्याच वर्षीं गळा आवळून मारून जाळण्यांत आलें.

भाषेनें मात्र टिंडलची बाजू घेतली. १६११ च्या राजमान्य बायबलांत त्या ठिकाणीं ‘नो’च आहे. पुढें ‘ये’ व ‘ने’ नित्याच्या बोलण्यांतून उठले. अमेरिकन काँग्रेसच्या मतदानांत ते अजून ऐकूं येतात. उरलेल्या दोघांवर चौघांचें काम पडलें, आणि इंग्रजानें प्रश्नाकडे न पाहतां वस्तुस्थितीकडे पाहून उत्तर देण्याचा प्रघात पाडला. पुस्तक नाहीं ना, मग ‘नो’. प्रश्न कसाहि असो.

उत्तराप्रमाणें प्रश्नाची ठेवणहि बदलली. ‘सी यू नॉट?’ ही जुनी रचना. तींत ‘डू’ शिरला. आणि स्वीडिश विद्वान एलेगार्ड यांनीं १९५३ सालीं दाखविल्याप्रमाणें, नकारार्थी प्रश्नांनीं त्याला सर्वांआधीं जवळ केलें. सतराव्या शतकांत ‘नॉट’ बोलतांना झिजला व ‘डू’ला चिकटून ‘डोंट’ झाला. स्विफ्टनें १७१० सालीं ‘टॅटलर’ पत्रांत असल्या तोडलेल्या रूपांवर तोंडसुख घेतलें, पण लोकांनीं तीं सोडलीं नाहींत. ‘न्ट’ चिकटलेला असल्यामुळें क्रियापदाबरोबर तोहि कर्त्यापुढें जातो : ‘डोंट यू सी?’ सुटा ‘नॉट’ मागें राहतो : ‘डू यू नॉट सी?’ हें दुसरें शुद्ध खरें, पण आज बोलण्यांत तें भारदस्त किंवा रागाचें वाटतें. आमचीं मुलें ‘डोंट’ फोडून ‘डू नॉट यू’ लिहितात व लाल शाई ओढवून घेतात. अठराव्या शतकांतले चांगले इंग्रज लेखक तसेंच लिहीत.

एक कोपरा अद्याप अडलेला आहे. ‘आय अ‍ॅम नॉट’चा प्रश्न जोडून कसा करावा? स्कॉटलंड-आयर्लंडांत ‘अ‍ॅम्न्ट आय?’ चालतें. इंग्लंडांत सुशिक्षित माणूसहि ‘आर्न्ट आय?’ म्हणतो, मात्र ‘आय आर्न्ट’ असें विधान तो कधींहि करणार नाहीं.