एका नावाचा इतिहास : बिल्बाओचा अ‍ॅथलेटिक क्लब

उत्तर स्पेनमधील बिल्बाओ नगरातील व्यावसायिक फुटबॉल-संस्थेचे नाव ‘अ‍ॅथलेटिक क्लब’ असे आहे. नावातील दोन्ही शब्द इंग्रजी होत. ज्या बास्क प्रदेशाची ती संस्था, त्याची भाषा एउस्कारा. ज्या राज्यात तो प्रदेश मोडतो, त्या राज्याची भाषा स्पॅनिश. असे असता १९४१ साली स्पेनच्या शासनाने हे इंग्रजी नाव काढून त्या जागी स्पॅनिश रूप बसविले, तेव्हा त्याची गणना बास्क प्रदेशावरील अन्यायांत होऊ लागली; आणि १९७२ साली मूळ नाव परत घेण्याची मुभा मिळाली, तेव्हा संस्थेने एखादा बास्क पर्याय न शोधता तोच इंग्रजी शब्द पुन्हा धारण केला. परकीय शब्द स्वकीयत्वाची खूण कसा बनतो, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने क्रीडेच्या इतिहासकारावर सोपवून मोकळे व्हावे असा नाही. प्रस्तुत लेखात संस्थेच्या विजयांची जंत्री देण्याचा हेतू नाही. तिचे नाव हेच एक साधन मानून तिच्या इतिहासाकडे पाहावयाचे आहे.

बिल्बाओभोवतालच्या डोंगरांत लोहखनिजाचे विपुल साठे होते आणि त्या खनिजात फॉस्फरसचे प्रमाण अल्प होते. १८५६ साली बेसेमरने शोधलेल्या पोलादाच्या प्रक्रियेस असेच खनिज लागत असे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पादात ब्रिटनच्या भट्ट्यांकडे बिल्बाओहून खनिजाची जहाजे जाऊ लागली व परतताना कोळसा आणू लागली. त्यांच्याबरोबर खलाशी, अभियंते आणि गोद्यांतील कारागीर आले. नदीकाठच्या ज्या मोकळ्या जागेवर ते चेंडू खेळत, तिला ‘इंग्रजांचे मैदान’ असेच नाव पडले. उलट दिशेने बिल्बाओच्या धनिक घरांतील मुले शिक्षणासाठी ब्रिटनला जाऊन तोच खेळ शिकून आली. आपल्याकडे इंग्रजी शब्द आले ते राज्यकर्त्यांबरोबर. बिल्बाओस ते आले गिऱ्हाइकांबरोबर. हा भेद लहान नव्हे. जेत्याचा शब्द स्वीकारताना मनात जी अढी राहते, तिला तेथे कारणच नव्हते. तेथे इंग्रजी ही व्यापाराची, यंत्राची आणि नव्या राहणीची भाषा होती.

संस्था आपला जन्म १८९८ सालचा मानते. त्या वर्षी एका व्यायामशाळेत जमणाऱ्या तरुणांनी खेळास आरंभ केला. रीतसर स्थापना झाली ती १९०१ मध्ये, गार्सिया नावाच्या कॉफीगृहातील सभेत. याच सुमारास ‘बिल्बाओ फुटबॉल क्लब’ हा दुसरा संघही उभा राहिला होता. १९०२ साली राज्यारोहणाच्या निमित्ताने माद्रिदला झालेल्या स्पर्धेत दोहोंच्या संयुक्त संघाने चषक मिळविला आणि १९०३ मध्ये दोन्ही संस्था एक झाल्या. (हा १९०२ चा चषक संस्था आपल्या खाती धरते, राष्ट्रीय संघटना धरीत नाही, तो वाद अद्याप मिटलेला नाही.) त्याच १९०३ साली माद्रिदमध्ये शिकणाऱ्या बास्क विद्यार्थ्यांनी तेथे एक शाखा काढली व तिलाही ‘अ‍ॅथलेटिक’ हेच नाव दिले. या शाखेकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

ज्या खाणींनी इंग्रज आणले, त्यांनीच स्पेनच्या इतर प्रांतांतून हजारो मजूर आणले. बिल्बाओचे भाषिक रूप झपाट्याने पालटले. १८७६ मध्ये बास्क प्रांतांचे जुने विशेषाधिकार नष्ट झाले होते. त्या पार्श्वभूमीवर साबिनो आराना यांनी १८९५ साली बास्क राष्ट्रवादी पक्षाची स्थापना केली. आराना हे शब्दांचेही कारखानदार होते. बास्क देशाचे ‘एउस्कादी’ हे नाव आणि ध्वजासाठी ‘इकुरिन्या’ हा शब्द त्यांनीच घडविले. ख्रिस्ती संतनामांना बास्क रूपे देण्याचा उद्योगही त्यांचाच. दुसऱ्या टोकास होते मिगेल दे उनामुनो. ते स्वतः बिल्बाओचे. पण १९०१ साली त्याच नगरातील एका साहित्यसमारंभात त्यांनी बास्क भाषेचा अंत अटळ असून तिला सन्मानाने निरोप द्यावा, असे सांगून मोठे वादळ उठविले. एक पक्ष भाषा शुद्ध करावयास निघाला होता, दुसरा तिला पुरावयास. आणि त्याच वर्षी कॉफीगृहात जमलेल्या तरुणांनी या दोहोंची वाट न पाहता इंग्रजी नाव घेतले. उनामुनोंच्याच आप्तवर्गातील राफाएल मोरेनो हा मुलगा पुढे या संघाचा पहिला लोकनायक झाला. ‘पिचिची’ हे त्याचे टोपणनाव. १९१३ मध्ये सान मामेस हे मैदान खुले झाले, तेव्हा तेथील पहिला गोल त्याचा. १९२२ साली, वयाच्या तिशीच्या आत तो निवर्तला. १९२६ मध्ये बसविलेल्या त्याच्या अर्धपुतळ्यास प्रथमच त्या मैदानी येणाऱ्या संघाचा कर्णधार पुष्पगुच्छ वाहतो. आणि स्पॅनिश साखळी स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यास ‘मार्का’ हे वृत्तपत्र १९५३ पासून जे पारितोषिक देते, त्याचे नाव ‘पिचिची’ हेच आहे. विशेषनामाचे सामान्यनाम होण्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळते.

आरंभीच्या संघात इंग्रज खेळाडू होते. १९११ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांच्या पात्रतेवरून तक्रार झाली आणि त्यानंतर संस्थेने केवळ स्थानिक खेळाडूंवर संघ उभारण्याचे धोरण धरले, ते आजतागायत. इंग्रज गेले, शब्द राहिला. किंबहुना इंग्रजही पुरते गेले नाहीत. खेळाडू म्हणून ज्यांना दार बंद झाले, ते मार्गदर्शक म्हणून येत राहिले. त्यांतील फ्रेड पेंटलंड हे नाव अग्रगण्य. पहिल्या महायुद्धात हे गृहस्थ जर्मनीत स्थानबद्ध होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने १९३० व १९३१ ची साखळी-अजिंक्यपदे मिळविली आणि १९३१ मध्ये बार्सिलोनाचा १२–१ असा पराभव केला. त्यांची गोल टोपी विजयानंतर खेळाडू हिसकावून पायदळी तुडवीत, ही कथा बिल्बाओत अजून सांगतात. स्पेनमध्ये मार्गदर्शकास आजही ‘मिस्टर’ म्हणतात, तो शब्द अशाच इंग्रजांच्या मागे उरलेला.

येथे ‘आलिरोन’ या शब्दाची थोडी चर्चा अस्थानी होणार नाही. अजिंक्यपद मिळाले की स्पेनमध्ये हा जयघोष होतो. बिल्बाओत त्याची व्युत्पत्ती अशी देतात : खनिज उत्तम निघाले की इंग्रज अधिकारी त्यावर ‘ऑल आयर्न’, म्हणजे ‘सारे लोह’, असे लिहीत, त्या दिवशी मजुरांना अधिक वेतन मिळे, म्हणून तो आनंदाचा उद्गार झाला. दुसरे मत असे की हा शब्द स्पेनमधील अरबीतून, ‘घोषणा’ या अर्थाच्या शब्दापासून आला. दुसरे मत मला अधिक ग्राह्य वाटते; पहिले लोकव्युत्पत्तीचे ठळक लक्षण दाखविते, ते म्हणजे शब्दाहून कथा अधिक नीटस असणे. तथापि लोकव्युत्पत्ती खोटी ठरली म्हणून निरुपयोगी ठरत नाही. आपल्या आनंदाचा शब्द खाणीतून व इंग्रजांकडून आला असे बिल्बाओकरांस वाटावे, हेच त्यांच्या स्मृतीविषयी पुष्कळ सांगून जाते.

१९३६ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले. स्वायत्त बास्क शासनाचे पहिले अध्यक्ष होसे आन्तोनियो आगिरे हे १९२० च्या दशकात याच संघातून खेळलेले. त्यांच्या शासनाने १९३७ च्या वसंतात एक बास्क संघ परदेशी पाठविला. त्यात अ‍ॅथलेटिकच्या खेळाडूंचा भरणा होता. एप्रिलमध्ये गेर्निकावर बॉम्बवर्षाव झाला, जूनमध्ये बिल्बाओ पडले. संघ मात्र फ्रान्स, सोव्हिएत संघराज्य असा हिंडत मेक्सिकोला पोहोचला व १९३८–३९ च्या हंगामात तेथील साखळी स्पर्धेत ‘एउस्कादी’ या नावाने खेळला. ज्या देशास नकाशावर स्थान उरले नव्हते, त्याचे नाव काही काळ गुणतक्त्यात टिकले होते. बहुतेक खेळाडू परतले नाहीत.

युद्ध जिंकलेल्या फ्रँकोच्या शासनाने क्रीडासंस्थांची परकीय नावे रद्द केली. १९४१ मध्ये ‘अ‍ॅथलेटिक क्लब’चे ‘आत्लेतिको दे बिल्बाओ’ झाले. ध्वनींच्या दृष्टीने हा बदल किती अल्प आहे ते पाहण्याजोगे आहे. मराठीत आपण ‘थ’ लिहितो खरे, पण बिल्बाओत कोणी इंग्रजी ‘थ’ उच्चारीत नाही; नाव ‘अत्लेतिक’ असेच ऐकू येते. म्हणजे शासनाने मुखातील नावात एका अंत्य स्वराची भर घातली आणि लेखनातून एक अनुच्चारित अक्षर काढले, इतकेच. आपल्याकडील भाषाशुद्धीच्या चळवळीनेही परकीय शब्दांना पर्याय दिले. परंतु ते लोकांपुढे ठेवले गेले, काही रुजले व काही गळून पडले. आज्ञापत्राने आलेल्या पर्यायास गळून पडण्याची सोय नसते, आणि म्हणून तो रुजलाही नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हा बंदीहुकूम केवळ बास्कांविरुद्ध नव्हता. हिहोनच्या ‘स्पोर्टिंग’चे ‘रेआल हिहोन’ झाले, सान्तान्देरच्या ‘रेसिंग’चे ‘रेआल सान्तान्देर’. शिवाय फ्रँकोच्या काळात अ‍ॅथलेटिक हा सर्वस्वी दडपलेला संघ होता, हे उत्तरकालीन चित्रही पुरते खरे नाही. ‘जनरलिसिमो’ या फ्रँकोच्या बिरुदाने ओळखला जाणारा चषक संघाने १९४३ ते १९७३ या काळात नऊ वेळा जिंकला. परकीय खेळाडू न घेणारा संघ शासनास अस्सल स्पॅनिश बाण्याचा नमुना म्हणून मिरविता येत होता. या ‘स्पॅनिश आवेशा’ची आख्यायिका १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमधील स्वीडनविरुद्धच्या एका गोलापासून सुरू होते, तो गोल करणारा बेलाउस्ते हा अ‍ॅथलेटिकचा खेळाडू आणि कट्टर बास्क राष्ट्रवादी होता, हे मिरविणारांना अडचणीचे वाटले नाही. १९५८ साली माद्रिदच्याच मैदानावर, युरोपचे अजिंक्यपद भोगीत असलेल्या रेआल माद्रिदला २–० ने हरवून आलेल्या संघाचे कौतुक ‘अकरा खेडूत’ या शब्दांनी झाले. एकच घटना शासनास स्पॅनिश पौरुष वाटे, बिल्बाओस स्वतःचा विजय.

आता माद्रिदच्या शाखेकडे वळू. ती १९२१ मध्ये मूळ संस्थेपासून विलग झाली, १९३९ मध्ये वायुदलाच्या संघाशी एकरूप झाली आणि तिच्याही नावाचे ‘आत्लेतिको’ झाले. १९४७ पासून ती ‘आत्लेतिको दे माद्रिद’ म्हणून ओळखली जाते. बिल्बाओने १९७२ मध्ये जुने नाव परत घेतले, माद्रिदने घेतले नाही. मूळ शब्द एक, बंदी एक, कालही एक, परिणाम भिन्न. माझ्या मते या विषयातील सर्वांत मोलाचा पुरावा हाच. इंग्रजी शब्दाच्या अंगी काही गुण असता, तर तो दोन्ही ठिकाणी परतला असता. माद्रिदमध्ये स्पॅनिश रूप ही भोवतालच्या भाषेचीच सहज परिणती होती. बिल्बाओत, जेथे बास्क नावे जन्मनोंदीत घालण्यासही बंदी होती, ते रूप इतर अनेक लादलेल्या नावांच्या मालिकेत जाऊन बसले, आणि काढून घेतलेला इंग्रजी शब्द काढून घेतलेल्या बास्क शब्दांच्या पंक्तीस आला. तो बास्क झाला तो व्युत्पत्तीने नव्हे, संगतीने.

फ्रँकोच्या मृत्यूनंतर, ५ डिसेंबर १९७६ रोजी, सान सेबास्तियानच्या मैदानात रेआल सोसिएदाद व अ‍ॅथलेटिक यांचे कर्णधार कोर्ताबारिया आणि गोलरक्षक इरिबार हे दोघे मिळून इकुरिन्या घेऊन आले. ध्वजावरील बंदी तेव्हा उठलेली नव्हती. ती पुढच्याच महिन्यात उठली. त्यानंतरचा क्रीडावृत्तान्त थोडक्यात असा : १९८३ व १९८४ मध्ये साखळी-अजिंक्यपद, १९८४ मध्ये चषकही, मग दीर्घ खंड, आणि २०२४ मध्ये सेव्हिल येथे मायोर्काविरुद्ध पेनल्टींवर मिळविलेला चषक, ज्याची मिरवणूक जुन्या रीतीने नदीतून गाबारा या पडावावरून निघाली. मधल्या काळात, १९९० च्या क्रीडाविषयक कायद्यानंतर स्पेनचे बहुतेक व्यावसायिक क्लब भागभांडवलाच्या कंपन्या झाले. सभासदांच्या मालकीचे राहिलेल्या चारांत हा एक.

स्थानिक खेळाडूंचा नियम कोठेही घटनेत लिहिलेला नाही, म्हणूनच त्याचा अर्थ पालटत गेला. आरंभी बिस्कायापुरती असलेली सीमा पुढे फ्रान्समधील प्रांतांसह साऱ्या बास्क प्रदेशापर्यंत पोहोचली. १९९६ मध्ये फ्रान्सचा लिझाराझू संघात आला. आता त्या प्रदेशात जन्मलेला वा तेथे घडलेला, असा दुहेरी निकष आहे. हा नियम वंशशुद्धीचा अवशेष होय, असा आक्षेप घेतात. आरानांच्या काळाकडे पाहता तो निराधार म्हणता येत नाही. पण घानाहून आलेल्या आईबापांच्या पोटी १९९४ साली बिल्बाओत जन्मलेल्या इन्याकी विल्यम्सचे नाव पाहावे. ‘इन्याकी’ हे आरानांनी घडविलेल्या नावांपैकी एक. कुटुंबास साहाय्य करणाऱ्या धर्मगुरूवरून ते ठेवले गेले. परप्रांतीय मजुरांविषयी आरानांनी जे लिहिले ते वाचलेल्यास या नावापाशी क्षणभर थांबावेच लागते.

अखेरीस व्याकरणाची एक बाब. १९६८ मध्ये आरान्त्सासू येथे प्रमाण बास्क भाषेच्या एकीकरणाची पायाभरणी झाली. त्या प्रमाण भाषेत ‘खेळाडू’ व ‘मैदानी खेळ’ या अर्थाचे ‘आत्लेता’, ‘आत्लेतिस्मो’ हे शब्द इंग्रजीतील अनुच्चारित अक्षर टाकून लिहितात; संस्थेच्या नावात मात्र ते अक्षर तसेच ठेवतात. त्याच वेळी त्या नावास बास्क प्रत्यय निःसंकोच लागतात : आपल्या भूतकाळातील ‘ने’ची आठवण करून देणारा कर्तृवाचक प्रत्यय लागून ‘अत्लेतिकेक’, षष्ठीत ‘अत्लेतिकेन’. मराठीत ‘क्लबचा’ आणि ‘क्लबाचा’ अशी दोन रूपे चालतात व उसन्या शब्दाचे सामान्यरूप होते की नाही यावरून तो कितपत मुरला हे आपण ताडतो. बास्कमध्ये लेखन परके राहिले आहे आणि विभक्ती घरची झाली आहे.