गोळी रोज की एक दिवसाआड?

परभणीजवळच्या पेडगावात शिक्षकांच्या एका मेळाव्याला आम्ही गेलो होतो. चहाच्या वेळी एक गुरुजी म्हणाले, ‘‘कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आता नॉर्मल आलाय. गोळी एक दिवसाआड घेतली तर? पैसेही वाचतील.’’ शेजारच्या बाईंची शंका वेगळी होती. त्यांच्या सासऱ्यांना गोळी रात्रीच घ्यायला सांगितले होते, गुरुजींना मात्र कोणत्याही वेळी. असे का?

उत्तरासाठी थोडे मागे जाऊ. कोलेस्टेरॉल फक्त खाण्यातून येते असा समज आहे. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग शरीरच तयार करते आणि हे काम रात्री अधिक चालते. १९७१ साली जपानमधील सांक्यो कंपनीतील अकिरा एंडो यांनी या निर्मितीतील एक विकर रोखणारे द्रव्य बुरशीत शोधायला घेतले. सहा हजारांवर सूक्ष्मजीव तपासल्यावर क्योटोतील दुकानातल्या तांदळावरची बुरशी उपयोगी ठरली. मोंढ्यातल्या धान्यावर दिसावी तशीच, पेनिसिलिनवाल्या बुरशीची चुलत बहीण! १९७३ साली त्यांनी तिच्यातून कॉम्पॅक्टिन वेगळे केले. उंदरांवर त्याचा परिणाम दिसेना. मग अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर प्रयोग केला, तेव्हा कोलेस्टेरॉल सुमारे निम्म्यावर आले.

या कुळातील लोव्हास्टॅटिनला १९८७ साली अमेरिकेत परवानगी मिळाली. औषधाने आयुष्य वाढते का, याचे उत्तर १९९४ साली मिळाले. उत्तर युरोपातील ४,४४४ हृदयरुग्णांच्या पाच वर्षांवर चाललेल्या चाचणीत साध्या गोळीच्या गटात २५६, तर सिम्व्हास्टॅटिनच्या गटात १८२ मृत्यू झाले.

आता वेळेचा प्रश्न. किरणोत्सारी पदार्थांप्रमाणे औषधालाही अर्धायुष्य असते. सिम्व्हास्टॅटिनचे दोन-तीन तास. तीन धरले तर २४ तासांत आठ वेळा निम्मे होऊन २५६वा हिस्सा उरतो. म्हणून ते रात्री घ्यायचे. २००३ साली आलेल्या रोसुव्हास्टॅटिनचे अर्धायुष्य सुमारे १९ तास. दुसऱ्या दिवशीही चाळीस टक्के शिल्लक. त्यामुळे वेळ कोणतीही चालते. ४८ तासांनी मात्र सतराच टक्के उरते. हे गणित वर्गात मुलांकडून जरूर करून घ्यावे.

मग एक दिवसाआड? दीर्घ अर्धायुष्याच्या गोळ्यांवर असे छोटे प्रयोग झाले आहेत. कोलेस्टेरॉल उतरते, पण सहसा रोजच्या इतके नाही. झटके आणि मृत्यू टळल्याचा भक्कम पुरावा आहे तो रोजच्या गोळीचा. युरोपात २०२० साली सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली, पण ते यकृतात वेगळ्या पद्धतीने काम करते. त्यावरून गोळीचे वेळापत्रक ठरवता येत नाही.

गुरुजींना आम्ही एवढेच म्हटले, ‘‘रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. छत्रीखाली अंग कोरडे राहिले म्हणजे पाऊस थांबला असे नाही. पैशांची अडचण डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. स्वस्त जेनेरिक गोळी असते. पण दिवस आपल्या मनाने गाळू नका.’’