वीजखरेदी करार, अपारंपरिक ऊर्जेचे

वारा, सूर्यप्रकाश, उसाची चिपाडे इ. अपारंपरिक स्रोतांपासून निर्माण होणारी वीज ठराविक मुदतीपर्यंत ठराविक दराने विकत घेण्याविषयी निर्माता व वितरण संस्था यांच्यात होणारा लेखी करार. पवन व सौर प्रकल्पांत इंधनाला मोल पडत नाही; जवळजवळ सर्व खर्च उभारणीच्या वेळीच होतो. तो बव्हंशी कर्जातून भागविला जात असल्याने वीज किती वर्षे व कोणत्या भावाने विकली जाणार, हे आधी ठरल्याशिवाय बँका सहसा कर्ज देत नाहीत.

अमेरिकेत १९७८ च्या अधिनियमाने लहान व अपारंपरिक निर्मात्यांची वीज घेणे वीज कंपन्यांवर बंधनकारक झाले. जर्मनीने १९९१ पासून पवनविजेस ग्राहकांकडून मिळणाऱ्या सरासरी दराच्या ९० टक्के दर देऊ केला. भारतात केंद्रीय अपारंपरिक ऊर्जास्रोत मंत्रालयाने १९९३ मध्ये राज्य वीज मंडळांना मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली : १९९४-९५ हे पायाभूत वर्ष धरून युनिटला २ रु. २५ पैसे व दरसाल ५ टक्के वाढ. मात्र ही केवळ शिफारस होती.

महाराष्ट्रात १९९८ च्या धोरणानंतर सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, कोयना जलाशयानजीकच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या झपाट्याने उभ्या राहिल्या. ह्या वाढीस वाऱ्याइतकीच करसवलतींचीही साथ होती. तिकडे दाभोळ प्रकल्पाशी १९९३ मध्ये केलेला करार राज्य वीज मंडळाने २००१ मध्ये मोडला होता. त्यात वीज उचलली नाही तरी स्थिर आकार द्यावा लागे. पवनविजेच्या करारात असा आकार नसतो. जेवढी युनिटे तेवढेच पैसे. हा भेद महत्त्वाचा असूनही दीर्घ मुदतीच्या करारांविषयीची धास्ती पुष्कळ काळ टिकली, व ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोगाने (स्थापना १९९९) २४ नोव्हेंबर २००३ च्या आदेशाने हा व्यवहार नियमबद्ध केला. १ एप्रिल २००३ नंतरच्या पवन प्रकल्पांना पहिल्या वर्षी युनिटला ३ रु. ५० पैसे, पुढे दरवर्षी १५ पैसे वाढ व १३ वर्षांची मुदत, असे त्याचे स्वरूप होते. म्हणजे तेराव्या वर्षी दर ५ रु. ३० पैसे होई. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाल्यावर खरेदीदाराची जबाबदारी महावितरण कंपनीकडे आली. खरेदीचा खर्च कंपनीच्या सर्व ग्राहकांच्या दरात मिळविला जातो. त्यामुळे पाटणच्या पठारावरील करार वसई तालुक्यातील गिरीजच्या घरगुती वीजदेयकातही उतरतो.

पहिले करार संपत आले, त्याच सुमारास बाजार पालटला. फेब्रुवारी २०१७ मध्ये पवनविजेच्या पहिल्या राष्ट्रीय लिलावात ३ रु. ४६ पैसे दर निघाला. २०१८ मध्ये महावितरणच्या लिलावात तो २ रु. ८५ पैशांपर्यंत उतरला. पवनचक्कीचे आयुष्य सामान्यतः २० वर्षे धरतात. करार १३ वर्षांचा असल्याने सुस्थितीतील यंत्रांची पुढील वीज कोणी व काय भावाने घ्यावी, हा वाद उद्‌भवला. निर्मात्यांना कराराचे नूतनीकरण हवे होते. कर्जफेड झालेल्या यंत्राला जुना चढा दर का द्यावा, हा ग्राहकाच्या बाजूचा प्रश्नही रास्त होता.

मुदत संपण्यापूर्वीच दर बदलण्याचा प्रयत्न आंध्र प्रदेश सरकारने २०१९ मध्ये केला. तेथील उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये तो अमान्य करून करारातील दरानेच पैसे देण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रात २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतील करार २५ वर्षांचे असून दर प्रायः पूर्ण मुदतीसाठी एकच राहतो. म्हणून वार्षिक वाढीचा प्रश्न त्यांत उरत नाही. मुदतीत बाजारभाव आणखी उतरल्यास त्याचा भार मात्र खरेदीदारावर, म्हणजे अखेर ग्राहकांवरच पडतो.