पाणी शिरतं कुठून? मिनीच्या ओल्या कार्पेटची गोष्ट

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आजचा भाग.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. काकांची जुनी गाडी मी मे महिन्यात दुरुस्त करायला घेतली. पुढच्या काचेवर दोन बादल्या पाणी ओतलं, आत थेंब नाही. खूश! जुलैमध्ये ड्रायव्हरच्या पायाखाली तळं. मग चिडून दिसेल त्या फटीत सिलिकॉन भरलं. त्याचं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी इतिहास, कारण हीच चूक माझ्यापेक्षा खूप हुशार माणसांनीही केली होती.

१९५६ साली सुएझचं संकट आलं आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनला छोटी, कमी पेट्रोल पिणारी गाडी हवी होती. काम मिळालं अलेक इसिगोनिस यांना. त्यांनी इंजिन आडवं बसवलं, चाकं फक्त १० इंचांची घेतली आणि जेमतेम १० फूट लांबीत चार माणसं बसवली. २६ ऑगस्ट १९५९ ला मिनी बाजारात आली. आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवंच असतं, यावरून ती कल्पना किती दमदार होती ते कळतं.

पण त्या वर्षी इंग्लंडचा उन्हाळा कमालीचा कोरडा गेला. गाडी लोकांच्या हातात पडली, मग पाऊस सुरू झाला आणि कार्पेटं भिजायला लागली. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंगला सगळं हिरवं, प्रॉडक्शनला बोंब!

भोक कुठे होतं? कौलारू घर आठवा. वरचं कौल खालच्या कौलावर चढलेलं असतं, म्हणून पाणी घसरून जातं. उलटं शाकारलं तर तेच पाणी घरात येईल. मिनीच्या तळाचा पत्रा आणि त्याच्या पुढचा पत्रा जिथे जोडला होता, तिथे एकावर एक चढवण्याची दिशा चुकली होती. सांध्याचं तोंड पुढे. गाडी पळायला लागली की चाकांनी उडवलेलं पाणी त्यात ओंजळीत घेतल्यासारखं शिरायचं. असा दोष उभ्या गाडीवर वरून पाणी मारून कसा दिसणार?

तातडीचा उपाय म्हणून दाराखालच्या पोकळ पट्ट्यांमध्ये फोम भरला गेला. खरा उपाय सांधाच बदलणं हा होता आणि तोही झाला. फोमचा धोका असा की तो एकदा भिजला की लवकर वाळत नाही, आणि पत्रा आतून गंजत राहतो. मिनी मात्र टिकली. २००० सालापर्यंत बनत राहिली, ५० लाखांहून जास्त. पण सुरुवातीच्या गाड्या दुरुस्त करणारे आजही आधी तळ आणि त्या पट्ट्या तपासतात.

आता माझं सिलिकॉन. दाराच्या खालच्या कडेला छोटी भोकं असतात. काचेच्या पट्टीतून दारात पाणी उतरणारच, ते बाहेर पडावं म्हणून. मी तीच बुजवली होती! वर्षभरात दाराचा तळ गंजून हातात आला. नवा पत्रा वेल्ड करावा लागला. काका एक शब्दही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या वेळी नीट केलं. आधी पाणी कसलं ते बघितलं. चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते पावसाचं नसून हीटरमधून गळणारं कूलंट असतं. मग कार्पेट काढून सगळं वाळवलं आणि आतल्या सांध्यांवर खडूची पावडर भुरभुरली. भाऊ बाहेर पाइप घेऊन, मी आत टॉर्च घेऊन. धार बारीक ठेवून खालून वर, एका वेळी एकच जागा, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. वरून सुरू केलं तर पाणी ओघळत सगळीकडे जातं आणि काहीच कळत नाही. पावडरीत ओला ओघळ दिसला तो डॅशबोर्डच्या मागे, काचेच्या कोपऱ्यातल्या कडक झालेल्या रबरापासून निघालेला. तिथून पाणी पत्र्याच्या आडोशाने उतरून थेट पायाखाली! रबर बदललं, भोकं मोकळी केली. मग भर पावसात घाट चढून आलो, कारण उभ्या गाडीच्या टेस्टवर माझा आता विश्वास नाही. कार्पेट कोरडं.

काका शेजारी बसले होते. उतरताना वाकून त्यांनी पायाखाली हात फिरवला आणि म्हणाले, "परत कधी जायचं?"

तुमच्या घरी अशी एखादी गाडी झाकून ठेवलेली असेल, तर पावसाळ्याआधी दाराखालची भोकं तेवढी बघून घ्या. भेटू पुढच्या भागात!