सागवानी चौकटीपासून यूपीव्हीसीपर्यंत : खिडकीचा इतिहास आणि आपला यत्नाचार



दशलक्षण पर्व जवळ आले की घरोघरी आवराआवर सुरू होते. जळमटे, फडताळे, भांडी सगळे झाले की शेवटी पाळी येते दारे-खिडक्यांची. नव्या घरांत आता बहुतेक ठिकाणी पांढऱ्याशुभ्र यूपीव्हीसीच्या खिडक्या दिसतात. पुष्कळ जणींना त्यांच्याबद्दल दोन शंका असतात. एक, त्या स्वच्छ कशा ठेवायच्या? दुसरी, लाकूड सोडून हे प्लॅस्टिक घरात आणले यात आपल्या अहिंसेचे काही साधले की उलट बिघडले? दोन्हींची उत्तरे खिडकीच्या इतिहासात सापडतात, म्हणून जरा मागे जाऊ.

आपल्या जुन्या वाड्यांना रस्त्याच्या बाजूला खिडक्या थोड्या आणि लहान असत. उजेड यायचा तो चौकातून. सागवानी चौकट, उभे लोखंडी गज, दोन फळ्यांची झडप, आतून कडी-कोयंडा आणि रात्री अडसर. काच नव्हतीच. आपल्याकडे काचेचा कारखाना म्हणजे तळेगावचा पैसा फंडाचा, तो १९०८ सालचा. त्यानंतर ओगलेवाडीचा आला. तिथेही मुख्यतः कंदिलांच्या काचा आणि बरण्या होत. खिडकीची तावदाने पुष्कळ काळ परदेशातूनच येत आणि खडू व जवसाच्या तेलाच्या लांबीने चौकटीत बसवली जात.

खिडकी मोठी व्हायला रोगराईही कारण झाली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या चाळींत त्याने हाहाकार केला. १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि नव्या इमारतींत हवा-उजेड किती हवा याचे नियम होऊ लागले. खिडकी ही शोभेची नव्हे, आरोग्याची वस्तू आहे हे तेव्हापासून सरकारदरबारीही मानले गेले.

आता लाकडाची दुसरी बाजू पाहू. श्रावकाने कोणते धंदे करू नयेत याची पंधरा नावांची यादी आपल्या ग्रंथांत आहे. श्वेतांबर परंपरेत हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात ती येते, आणि तेराव्या शतकातल्या पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात तिचा विचार केला आहे. त्या यादीत वन तोडून पोट भरणे आहे, भट्टीचे धंदे आहेत, लाखेचा व्यापार आहे आणि विषाचा व्यापारही आहे. खिडकीच्या संदर्भात ही चार नावे वाचली की थांबायला होते. सागवान जंगल तोडून आले. त्यावर जे स्पिरिट पॉलिश चढवत त्यातली चपडी म्हणजे लाख. लाखेचे किडे फांद्यांवर राळ सोडतात, त्या फांद्या खरवडून लाख काढतात आणि त्यात असंख्य जीव जातात. काही पॉलिशांत मधमाशीचे मेणही असे. आणि चौकटीला वाळवी लागली की डांबर, रॉकेल आणि पुढे क्लोरपायरिफॉससारखी जहाल औषधे आली. वाळवी हा त्रींद्रिय जीव. म्हणजे ज्या लाकडी खिडकीला आपण ‘नैसर्गिक’ म्हणतो, तिच्या खतावणीत हिंसेची नावे पुष्कळ निघतात. आपल्या आजी-पणजीने पॉलिशऐवजी नुसते जवसाचे तेल चोळून लाकूड राखले, त्यात काटकसर होती तशी दयाही होती.

लाकडाला पहिला पर्याय लोखंडाचा. इंग्लंडात एसेक्समधल्या ब्रेन्ट्री गावी क्रिटॉल यांच्या कारखान्यात १८८४ पासून धातूच्या खिडक्या बनू लागल्या. बारीक पट्ट्यांच्या त्या खिडक्या पुढे मुंबईच्या १९३० नंतरच्या गोलसर सज्ज्यांच्या इमारतींवरही दिसू लागल्या. आपल्या पिढीच्या माहेरघरांत बहुधा त्याच झेड सेक्शनच्या खिडक्या होत्या. पावसाळ्यात गंज, दर दोन-तीन वर्षांनी खरवडणे आणि ऑइलपेंट, हे सर्वांना आठवत असेल.

मग अ‍ॅल्युमिनियम आले. ते स्वस्तात काढायची रीत १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघांनी स्वतंत्रपणे शोधली. आपल्या भागाचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. चंदगड आणि राधानगरीच्या डोंगरांतला बॉक्साइट बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्याला जात आला आहे. गंज नाही, रंग नाही, सरकती खिडकी हलकी, असे सारे सोयीचे. पण डोंगर खणावा लागतो आणि धातू काढायला वीज अफाट लागते. तेव्हा तेही निष्पाप नव्हे.

लाकडावरचे निर्बंध हळूहळू वाढले. १९८० साली वन संरक्षण कायदा झाला. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ पासून आपल्या कामांत लाकूड वापरणे थांबवले, ती बंदी २०२० साली उठली. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोडीवर कडक आदेश दिले. साग महाग झाला तो असा. त्याच काळात पुढचा पर्याय दाराशी येऊन उभा राहिला, तो यूपीव्हीसी.

पीव्हीसीचा जन्म मात्र फार जुना. फ्रान्सच्या रेन्यो या शास्त्रज्ञाने १८३५ साली त्याचा मूळ वायू तयार केला. जर्मनीच्या बाउमान यांना १८७२ साली उन्हात ठेवलेल्या काचपात्रात त्या वायूचा पांढरा घट्ट पदार्थ झालेला दिसला. तो कडक, ठिसूळ, त्याचे करायचे काय हेच कळेना. १९२६ साली अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी त्यात मऊ करणारे द्रव मिसळले आणि त्यातून पुढे रेनकोट, पडदे, विजेच्या तारांची वेष्टने झाली. खिडकीला मऊपणा नको, म्हणून ते द्रव न घालता केलेले ते ‘अनप्लास्टिसाइज्ड’. यूपीव्हीसीतला ‘यू’ तो हाच. १९५० नंतरच्या दशकात पश्चिम जर्मनीतल्या ट्रॉइसडॉर्फ इथे धातूच्या गाभ्यावर पीव्हीसी चढवलेल्या पहिल्या खिडक्या निघाल्या. १९७३ साली तेलाचे भाव भडकले, युरोपात घर गरम ठेवणे परवडेना, तेव्हा उष्णता अडवणाऱ्या या खिडक्यांना खरी मागणी आली. आपल्याकडे त्या एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळल्या.

हा पदार्थ वजनाने अर्ध्याहून थोडा जास्त, म्हणजे सुमारे ५७ टक्के, क्लोरीन असतो. हा क्लोरीन मिठापासून काढतात. उरलेला भाग खनिज तेलातून येतो. उन्हाने पिवळा पडू नये म्हणून त्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड घालतात. उष्णतेत टिकावा म्हणून पूर्वी शिशाचे क्षार घालत. युरोपातल्या उद्योगाने ते २०१५ अखेर सोडले आणि कॅल्शियम-जस्ताचे क्षार घेतले. नवी खिडकी घेताना दुकानदाराला ‘लेड-फ्री आहे का?’ एवढे जरूर विचारावे.

आता जमाखर्च मांडू. जमेच्या बाजूला : झाड तोडले नाही, लाख नाही, मेण नाही, आणि वाळवी त्याला खात नसल्यामुळे विष फवारण्याची वेळच येत नाही. खर्चाच्या बाजूला : कारखान्याचा आरंभ, खनिज तेल, आणि वस्तू कुजत नाही. जाळली तर विषारी धूर होतो. म्हणून एकदा घेतलेली खिडकी ४०-५० वर्षे टिकवणे, आणि काढावी लागली तर न जाळता वितळवून पुन्हा वापरणाऱ्याकडे देणे, हाच यातला धर्म. नीट निगा राखणे इथे नुसते टापटिपीचे काम राहत नाही, ते अपरिग्रहाचे काम होते.

निगा कशी राखावी? तत्त्वार्थसूत्रात सांगितलेल्या पाच समितींपैकी आदाननिक्षेपण समिती म्हणजे वस्तू पाहून उचलणे आणि पाहून ठेवणे. सरकत्या खिडकीला हे तंतोतंत लागू आहे. तिच्या खालच्या पन्हळीत, म्हणजे ट्रॅकमध्ये, मुंग्या, कोळी, कधी पालीचे पिल्लू असते. एक झटका दिला की चाकाखाली जीव गेला. म्हणून सरकवण्याआधी एक नजर टाकावी, आणि मुलासुनांना, नातवंडांनाही ही सवय लावावी. हीच तर जयणा.

मूलाचारात पिच्छीचे पाच गुण सांगितले आहेत : धूळ न धरणे, घाम न धरणे, मृदुता, सुकुमारता आणि हलकेपणा. साफसफाईचे साधन निवडताना हीच कसोटी लावावी. आधी मऊ कोरड्या कुंचल्याने ट्रॅक हलकेच झाडावा, जीव असेल तर कागदावर घेऊन बाहेर सावलीत सोडावा. पाण्याचा हात त्यानंतर. सकाळी, लख्ख उजेडात हे काम करावे. दिव्याच्या उजेडात नको.

पाणी गाळलेले, कोमट आणि थोडेच घ्यावे. उकळलेले प्रासुक पाणी वापरत असाल तर ते आधी निवू द्यावे. यूपीव्हीसी ८० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडू लागते, म्हणून कढत पाणी चौकटीवर ओतणे जिवांनाही घातक आणि खिडकीलाही. साबण सौम्य, द्रवरूप आणि प्राण्यांची चरबी नसलेला असावा. कापड सुती, मऊ. तारेची घासणी, भांड्यांची पूड, ब्लीच, थिनर, नेलपॉलिश काढायचे द्रव यांतले काहीही नको. पूड आणि तारेने ओरखडे पडतात आणि त्यांत धूळ बसून पांढरी चौकट कायमची काळपट होते. थिनरने पृष्ठभागच विरघळतो. शेवटी साध्या पाण्याने पुसून कोरडे करावे. ओल राहिली की शेवाळ आणि बुरशी धरते, आणि मग त्या अनंत जिवांची हिंसा आपल्या माथी येते. कोरडे ठेवणे हीच पहिली दया.

चौकटीच्या खालच्या बाजूला पाणी निघून जायला लहान छिद्रे असतात. ती पावसाळ्याच्या आधी, म्हणजे ज्येष्ठातच, काडीने हलकेच मोकळी करावी. तुंबली तर पाणी घरात येते आणि आतल्या लोखंडी पट्टीलाही गंज धरतो. कुंभारमाशी या छिद्रांत मातीचे घर करते. घर झाल्यावर फोडण्यापेक्षा, छिद्र मोकळे असतानाच त्यावर पाणी जाऊ देणारी बारीक जाळीची टोपी लावून घ्यावी. कडेच्या रबरी पट्ट्या वर्षातून एकदा ओल्या फडक्याने पुसून त्यांना थोडे सिलिकॉन लावावे. खोबरेल किंवा व्हॅसलीन नको, रबर फुगते आणि तेलाला मुंग्याही लागतात. बिजागऱ्या आणि कुलपांना मात्र हलक्या मशीन तेलाचा एखादा थेंब पुरतो.

डासांची जाळी तर आपल्यासाठी वरदानच आहे. मॅट नको, फवारा नको, रॅकेट तर नकोच. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली की, दिवे लावण्याआधी, जाळी ओढून घ्यावी. पतंग, पाकोळ्या बाहेरच राहतात आणि वाचतात.

सागवान असो, लोखंड असो की यूपीव्हीसी, पूर्णपणे निर्दोष अशी खिडकी आजवर झाली नाही आणि गृहस्थाच्या घरात ती होणारही नाही. आपल्या हातात आहे ते एवढेच : कमी घ्यावे, दीर्घकाळ टिकवावे आणि पाहून सरकवावे. यंदा दशलक्षणाच्या आधी खिडक्या पुसायला घ्याल तेव्हा कुंचला आधी, पाणी नंतर, हे लक्षात असू द्या.

जय जिनेंद्र.