मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम आणि संगणकांची विविधता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

शिक्षणाची साधने स्थानिक परिस्थितीप्रमाणे घडवावीत, हा विचार डहाणू-तलासरी परिसराला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले; पुढे ते कोसबाड येथे गेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने बाजूस ठेवून ताराबाई व अनुताई वाघ यांनी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. ग्रामीण महाविद्यालयाच्या संगणककक्षात हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा राहतो. निरनिराळ्या काळांत आलेल्या, निरनिराळ्या क्षमतेच्या यंत्रांसाठी एकच ऑपरेटिंग सिस्टीम निवडावयाची झाल्यास कोणता निकष मानावा? प्रस्तुत लेखात मुक्तस्रोत प्रणालींच्या इतिहासाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

यंत्र आणि प्रणाली यांची फारकत

प्रारंभीच्या काळात ऑपरेटिंग सिस्टीम बहुधा विशिष्ट यंत्रापुरतीच लिहिली जात असे. 1969 मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मलेली युनिक्सही पीडीपी-7 या यंत्राच्या भाषेत लिहिलेली होती. 1973 मध्ये ती सी भाषेत नव्याने लिहिली गेली आणि त्या दशकाच्या अखेरीस भिन्न बनावटीच्या यंत्रांवर नेता आली. 1983 मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा करून संगणकसंहिता वाचण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा हक्क वापरणाऱ्याचा असल्याचे प्रतिपादन केले. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहिली ती केवळ इंटेल 386 या प्रोसेसरसाठी; ती अन्य यंत्रांवर नेता येण्याजोगी नाही, असे त्यांनीच तेव्हा सांगितले होते. परंतु संहिता खुली असल्याने 1995 पर्यंत ती अल्फा, स्पार्क व मिप्स या प्रोसेसरांवर पोहोचली. 1993 मध्ये सुरू झालेल्या नेटबीएसडीने तर शक्य तितक्या यंत्रांवर चालणे हेच उद्दिष्ट मानले. आज ती पन्नासहून अधिक प्रकारच्या यंत्रांवर चालते.

महाराष्ट्रातील अनुभव

या लवचीकपणाची प्रचिती महाराष्ट्रातही आली. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातल्या खैराट येथील छोट्या प्राथमिक शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या उपक्रमाचे एक्सओ लॅपटॉप आले. 433 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 एमबी स्मृती आणि हार्ड डिस्कऐवजी 1 जीबी फ्लॅश साठवण एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर फेडोरा लिनक्स व शुगर ही मुलांसाठीची मांडणी चालत असे. 2012 मध्ये आकाश टॅब्लेटची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा मूळच्या अँड्रॉइडसोबत ग्नू/लिनक्स चालविण्याचे काम मुंबईच्या आयआयटीत झाले. एक यंत्र इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरचे, दुसरे एआरएमचे. प्रणालीचे मूळ मात्र एकच.

भाषेचा मार्गही याच दारातून खुला झाला. मुंबईत सुरू झालेल्या इंडलिनक्स प्रकल्पाने भारतीय भाषांतील मेनू व संदेश तयार करण्याच्या कामाला चालना दिली. डेबियन ही प्रणाली आज मराठीतून संगणकावर बसविता येते. 2007 मध्ये सी-डॅकने प्रसिद्ध केलेली बॉस लिनक्सही डेबियनवरच आधारलेली आहे. उद्या कोणी वारली बोलीत मेनू करू म्हटले, तर त्यासाठी एखाद्या कंपनीची परवानगी मागावी लागणार नाही.

मर्यादा

तथापि, मुक्त म्हणजे चिरंतन नव्हे. ज्या 386 साठी लिनक्स जन्मली, त्याच प्रोसेसरचा आधार 2013 च्या आवृत्तीत तिने सोडला. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन 13 मध्ये 32-बिट इंटेल संगणकांवर नव्याने स्थापना करण्याची सोय उरली नाही. विंडोज 10 चा सर्वसाधारण आधारही 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. या दोहोंत फरक आहे तो निर्णयाच्या हक्काचा. बंद प्रणालीत कंपनीचा शब्द अखेरचा असतो. मुक्त प्रणालीत एका गटाने सोडलेले काम दुसरा पुढे नेऊ शकतो. नेटबीएसडी आजही 32-बिट इंटेल यंत्रांवर चालते. मात्र हक्क असणे आणि तो बजावणारी माणसे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

निष्कर्ष

प्रणाली फुकट मिळते की नाही, हा निवडीचा मुख्य निकष ठरू शकत नाही. ती आपल्या सर्वांत जुन्या यंत्रावर चालते का, तिला सुरक्षा-दुरुस्त्या किती काळ मिळणार, आणि बिघाड झाल्यास तो समजून घेणारा माणूस महाविद्यालयात आहे का, हे तीन प्रश्न आधी विचारावे लागतात. भारत सरकारच्या 2015 च्या मुक्तस्रोत धोरणाने शासकीय यंत्रणेत अशा प्रणालींना प्राधान्य दिले. पण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर धोरणातून मिळत नाही. कोसबाडच्या प्रयोगात स्थानिक वस्तूंइतकेच महत्त्व त्या हाताळणाऱ्या शिक्षिकांना होते. संगणककक्षातही जुने यंत्र भंगारात जाणार की विद्यार्थ्याच्या हाती राहणार, हे अखेर तेथील शिक्षकांच्या तयारीवरच अवलंबून आहे.