किताब कशी टाइप करायची?

गोदरेजने १९५५ साली पहिला भारतीय टाइपरायटर बनवला. पुढे मराठी यंत्रेही आली आणि कोर्टाबाहेर, तहसील कचेरीबाहेर बाकडे टाकून बसलेल्या टायपिस्टांची एक अख्खी पिढी त्यावर जगली. त्या यंत्राची एक खोड होती. 'किताब' हा शब्द उमटवायचा तर आधी वेलांटी मारायची, मग क. तोंड आधी क म्हणते आणि मग इ. पण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून तिचा मान पहिला. यंत्र डोळ्याचे ऐकत होते.

याच्या चारच वर्षे आधी, १९५१ मध्ये, भारती ब्रेल मान्य झाली होती. मुंबईत अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलर्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली ती १९०० साली. म्हणजे अंधांचे शिक्षण सुरू होऊन निम्मे शतक उलटले, तरी देशात सगळ्या भाषांना धरून एक ब्रेल नव्हती. ती आली तेव्हा तिने 'किताब' सरळ क, इ, त, आ, ब अशी लिहायला लावली. बोलू तसे लिहू. पुढे १९८६ मध्ये संगणकासाठी इनस्क्रिप्ट कळफलक ठरला, मग युनिकोड आले, आणि दोघांनीही हाच क्रम धरला. डोळस माणसाचे यंत्र त्या बाबतीत अंधांच्या लिपीपर्यंत यायला तीन तपे लागली, असे मी म्हणतो तेव्हा मित्र हसतात. पण तारखा तशाच आहेत.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. भारती ब्रेलमध्ये मराठी क, उर्दू काफ आणि इंग्रजी के यांचे टिंब एकच. ब आणि बे, म आणि मीम यांचेही तेच. उर्दू-अरबी ब्रेल वाचतात डावीकडून उजवीकडे. पण लोखंडी पाटीवर सुईने टोचताना मात्र उजवीकडून डावीकडे जावे लागते, कारण कागद उलटून वाचायचा असतो. मराठीलाही हाच नियम. नागरी विरुद्ध नस्तालिक हा डोळ्यांचा वाद बोटांपर्यंत पोचतच नाही.

मोबाइल आला तेव्हा अंधांची फार अडचण झाली नव्हती. बटणे होती, आणि पाचच्या बटणावर एक उंचवटा होता. त्यावर अंगठा ठेवला की बाकीचे आकडे आपोआप सापडत. मग काच आली. काचेवर ना कड, ना उंचवटा. २००९ मध्ये आयफोनवर व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक आले, फोन बोलू लागला. बोट फिरवा, खालचे अक्षर ऐका, हवे ते आले की बोट उचला किंवा दोनदा टिचकी मारा. इंग्रजीत सव्वीस अक्षरांसाठी हे चालून जाते. मराठीत व्यंजने, स्वर, काना-मात्रा, वर जोडाक्षरे. 'प्रार्थना' लिहिता लिहिता स्टेशन निघून जाते.

इथे आपल्याच उपनगरातले एक काम सांगायला हवे. पवईच्या आयआयटीत, औद्योगिक अभिकल्प केंद्रात, प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी 'स्वरचक्र' हा कळफलक बनवला. २०१३ पासून तो अँड्रॉइडवर लोकांच्या हाती आला. त्यात अक्षरे वर्णमालेच्या ओळींनी बसवली आहेत: क ख ग घ ङ, खाली च छ ज झ ञ. व्यंजनावर बोट टेकवले की भोवती चक्र उघडते, त्यात त्याची बाराखडी; ज्या दिशेला बोट सरकवाल ती मात्रा लागते. पहिलीत घोकलेली वर्णमाला पाठ असेल तर ग च्या शेजारी घ असणार हे न पाहताही कळते. अडचण अशी की टॉकबॅक चालू असला की बोट सरकवणे म्हणजे 'शोधणे' असा अर्थ फोन लावतो, आणि सरकवण्याची खूण हरवते. म्हणून अंधांसाठी वेगळ्या खुणांची आवृत्ती करून पाहावी लागली. २०१७ मध्ये मुंबईत भरलेल्या 'इंटरअ‍ॅक्ट' परिषदेत त्याचा अभ्यास मांडला गेला.

त्याच वर्षी गूगलचे आवाजी टंकलेखन मराठी आणि उर्दू दोन्हींत आले, आणि पुष्कळांना वाटले, प्रश्न मिटला. माझ्या ओळखीचे एक अंध चाचा अंधेरीहून रोज लोकलने जातात. "चाचा, बोलून टाइप करा ना," असे कोणी म्हटले की ते विचारतात, "घरी बायकोला काय लिहायचं ते अख्ख्या डब्याला ऐकवू का?" बँकेचा पिन, डॉक्टरांना विचारायची गोष्ट, भावाशी चाललेले भांडण, हे सगळे मोठ्याने बोलूनच लिहायचे असेल तर त्याला लिहिणे का म्हणावे?

दुसरा मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो. रझिया, रजिया, रझीया. आवाजी टंकलेखन यातले कोणते निवडेल ते यंत्र ठरवते, आणि फोनने वाचून दाखवले तर ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळत नाही. स्पीकरमधून श आणि ष सारखेच. डोळस माणूस 'पोटफोड्या ष' बघून ओळखतो, ब्रेलमध्ये दोघांचे टिंब निराळे असतात. कानाकडे यातले काहीच नाही. रेशनकार्डावर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरे, यापायी आपल्या घरांनी किती खेटे घातले आहेत ते वेगळे सांगायला नको. स्वतःचे नाव अक्षरागणिक स्वतःच्या बोटांनी घालता येणे ही तिथे चैनीची गोष्ट नसते.

काचेवर ब्रेलची सहा टिंबे मांडून सहा बोटांनी लिहिण्याची सोय आयफोनवर २०१४ मध्ये आली, टॉकबॅकमध्ये २०२० च्या एप्रिलमध्ये. टॉकबॅकची ती सोय आली तेव्हा इंग्रजीपुरतीच होती. भारती ब्रेलला तोवर एकोणसत्तर वर्षे झाली होती.